मापाची गोळी

मला बरं वाटायला लागलं आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण ते बरं वाटणं साधंसुधं नव्हतं. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत कढईसमोर उभी असायचे. खवा परतायला आता यंत्राचे हात आहेत, पण खवा कधी उतरवायचा ते अजून नाकालाच कळतं, म्हणून मी उभी. आणि बघता बघता सगळं पाण्याखाली जायचं. भिंतीवरचा अप्पांचा फोटो, काउंटरवरची गिऱ्हाइकं, समोरचा रस्ता, सगळं हिरवट, संथ पाण्यात. बुडायचं मात्र कुणी नाही. कुणीतरी "पाव किलो कंदी पेढे द्या" म्हणायचं आणि ते मला लांबून, मऊ मऊ ऐकू यायचं. मग त्या पाण्यातून माझा दिगूदादा लाँच घेऊन यायचा. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. "काय रेवे, येतेस का?" म्हणायचा.

मी खुळ्यासारखी हसायचे. किती छान वाटायचं म्हणून सांगू!

पण नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई भ्रमिष्ट आहे.

मी रेवती. साताऱ्यात आमचं पेढ्यांचं दुकान आहे, अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातचं. अप्पा गेले. दुकान खरं दादानं बघायचं, पण तो घर सोडून बामणोलीला गेला. कोयनेच्या धरणामागं जो मोठा जलाशय पसरलाय, तिथं तो एकटा राहतो आणि लाँच चालवतो. म्हणून दुकान माझ्या गळ्यात. माझा नवरा प्रवीण शाळेत गणित शिकवतो. शांत माणूस. आई आमच्याजवळच असते आणि ती मात्र शांत नाही.

गेल्या भाऊबीजेला मी ओवाळायला बामणोलीला गेले, तर दादाची लाँच काठाला नव्हती. धक्क्यावर चहा करणारी सखूमावशी म्हणाली, "त्यो काय, मधोमध. जातो, मोटर बंद करतो आन् बसून ऱ्हातो. हाका मारल्या तरी ओ देत न्हाई. ताई, माझं ऐका, एक दिवस त्यो परत यायचा न्हाई." मी काठावर निरांजन घेऊन बसून राहिले. विजेच्या लाँचची मोटर चालू आहे की बंद, ते आवाजावरून कळत नाही, मागचं पाणी हलतंय का ते बघावं लागतं. पाणी हलत नव्हतं.

तिथून आले आणि माझं मनच उठलं. रडूसुद्धा येईना. खवा करपायला लागला आणि मला वास येईना, म्हणजे काय झालं असेल बघा. शेवटी प्रवीण मला डॉक्टर नसीमा शिकलगारांकडे घेऊन गेला.

आता मनाच्या दुखण्यावर गोळ्या मापानं मिळतात. पूर्वी सगळा अंदाजपंचे कारभार होता. एक गोळी दे, दीड महिना बघ, नाही लागू पडली तर दुसरी दे. डॉक्टरांनी मला छान समजावलं होतं. म्हणाल्या, "रेवतीताई, आपल्या यकृतात विकरं असतात. औषध मोडून शरीराबाहेर काढणारे कामगारच म्हणा. कुणाचे कामगार चपळ, कुणाचे आळशी, ते जनुकं ठरवतात. त्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एखाद्याच्या वाट्याला जादा प्रतीही येतात. मग त्याचे कामगार इतके चपळ होतात, की गोळी मेंदूपर्यंत पुरेशी पोचतच नाही, वाटेतच मोडून साफ. आणि ज्याच्या दोन्ही प्रती निकामी, त्याच्या अंगात तीच गोळी साठत जाते. एकाला जी लागतच नाही ती दुसऱ्याला चढते."

मग यंत्रानं रक्ताचा थेंब घेतला. ते यंत्र तेवढीच जनुकं वाचतं आणि काचेच्या पट्टीवर तुमच्यासारखंच नखाएवढं यकृत मांडून त्याच्यावर औषधं चालवून बघतं. कुठलं जुळतंय, किती जुळतंय ते ठरलं की गोळ्या पाडून देतं. बाकीची जनुकं उघडायला कायद्यानं बंदी आहे, माणसाची सही असल्याशिवाय नाही. लोक याला गोळीशी गुण जुळवणं म्हणतात. आई प्रवीणकडे बघून म्हणाली होती, "लग्नाच्या वेळी असलं यंत्र असतं तर बरं झालं असतं." प्रवीण नुसता हसला. त्याचे कामगार चपळ आहेत, आईची कुठलीच गोष्ट त्याला लागत नाही.

तर त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कधी काही मोठं आजारपण? अवयव बदललाय? दुसऱ्याची अस्थिमज्जा?"

प्रवीण शेजारी बसला होता. मी म्हटलं, "छे हो. लहानपणी टायफॉइड झाला होता, तेवढाच."

हे वाक्य आईनं माझ्या तोंडात बसवलेलं. मी सहा वर्षांची असताना माझ्या हाडातल्या मगजानं, म्हणजे त्या अस्थिमज्जेनं, रक्त करायचं थांबवलं होतं. पुण्याच्या इस्पितळात दादाची मज्जा काढून मला दिली. दादा तेव्हा अकरा वर्षांचा. कमरेत सुया टोचल्या तरी रडला नाही, उलट मला म्हणाला, "रेवे, आता तू पण माझ्यासारखी झाडावर चढशील बघ." मी बरी झाले. पण मुलीची जात, बोभाटा नको, उद्या स्थळं यायची. म्हणून साताऱ्याला परत येईपर्यंत त्या आजाराचा टायफॉइड झाला. शाळेत टायफॉइड, पाहुण्यांत टायफॉइड, लग्न ठरताना टायफॉइड. ते इतकं मुरलं, की मला ते खोटं वाटेनासंच झालं होतं.

मापाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि मग ते हिरवं पाणी आलं.

मी कुणाला सांगितलं नाही. का सांगू? दादा रोज भेटत होता. कधी कधी लाँच धरणाखाली गेलेल्या गावांवरून जायची. खाली घरांची जोती दिसायची, एखादी विहीर, आणि दादा बोट दाखवून सांगायचा, "तो बघ आंबा, आपण चढलो होतो तो." आम्ही असल्या कुठल्या आंब्यावर कधी चढलो नव्हतो. पण स्वप्नात सगळं पटतं. प्रवीण विचारायचा, "बरं वाटतंय ना?" मी म्हणायचे, "झकास." हात थरथरायचे, घाम यायचा, ते मी पदराआड लपवायचे.

एका दुपारी दादानं लाँचमधून हात पुढे केला. "चल, आज सोडून जाऊ सगळं." मीही हात दिला.

तो कढईचा काठ होता. डावा तळहात भाजला आणि गंमत बघा, दुखलं ते सावकाश, दुसऱ्या कुणाचं तरी दुखावं तसं. आईनं किंकाळी फोडली तेव्हा मला कळलं की कातडं माझं आहे.

डॉक्टर शिकलगारांनी हाताला मलम लावलं, रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यंत्र म्हणतंय, तुम्ही चपळ. तुमच्याकडे जादा प्रती आहेत. म्हणून मी मोठा डोस दिला. आणि औषध तर तुमच्या रक्तात गच्च साठलंय. चपळ माणसाच्या अंगात ते असं साठूच शकत नाही." त्यांनी पुन्हा रक्त घेतलं, स्वतःच्या हातानं. उत्तर तेच. मग त्यांनी माझी सही घेऊन बाकीची जनुकं उघडली. बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "रेवतीताई, घाबरू नका. पण हे रक्त पुरुषाचं आहे."

प्रवीण म्हणाला, "आँ?"

आणि मला हसू फुटलं. महिनोन् महिने साठलेलं हसू. हसता हसता रडायला लागले. "दादाचं आहे ते," मी म्हटलं. "दिगूदादाचं. टायफॉइड नव्हता हो तो."

मग सगळं सांगितलं.  गाडीत बसल्यावर प्रवीण म्हणाला, "मी काय लग्न मोडलं असतं का गं?"

"तू नसतंस मोडलं. तुझ्या आत्यानं मोडलं असतं."

तो जरा विचार करून म्हणाला, "हे मात्र खरंय." पण वाईट वाटलं होतं त्याला. नंतर दोन-तीन दिवस तो मला उगाचच "काय मेव्हणे" म्हणत होता, त्यात थोडी थट्टा होती आणि थोडा राग. मी दोन्ही ऐकून घेतलं.

डॉक्टरांनी उलगडा केला तो असा. रक्त दादाच्या मज्जेतून तयार होतं, तेव्हा रक्तातली जनुकं दादाची. पण औषध मोडतं यकृत, आणि यकृत माझंच. यंत्रानं दादाचं यकृत मांडलं आणि दादाच्या मापाची गोळी माझ्या तोंडात पडली. त्यांनी माझे केस मुळासकट उपटून तपासले. मी निघाले आळशातली आळशी. दोन्ही प्रती निकामी, एक आईची, एक अप्पांची.

"तुमचा डोस आता अगदी थोडा," डॉक्टर म्हणाल्या. "ती स्वप्नं हळूहळू थांबतील."

खरं सांगायचं तर मला ते नको होतं, दादा यायचा थांबणार होता. उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि तिथंच थबकले.

"डॉक्टर, म्हणजे दादा चपळ?"

त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "ते माझे पेशंट नाहीत. त्यांच्याबद्दल मी बोलू शकत नाही. तुम्ही तुमच्या रक्ताबद्दल विचारा."

"बरं, मग हे रक्त ज्याचं आहे, त्याला पूर्वीच्या त्या साध्या गोळ्या दिल्या तर?"

"लागू पडायच्या नाहीत."

"तो नेमानं घेत असला तरी?"

"नेमानं घेत असला तरी. गोळी पोटात जाईल आणि काहीच होणार नाही. पाणी प्यायल्यासारखं."

मी परत येऊन खुर्चीत बसले. कारण दादाचं घर सुटलं ते याच एका गोष्टीवरून.

विशी ओलांडली आणि दादा आतून विझायला लागला. गावातल्या तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बदलून दिल्या, वाढवून दिल्या. कशाचा म्हणून उपयोग नाही. मग घरात सगळ्यांनी ठरवलं, हा गोळ्या घेतच नाही. तोंडात धरतो आणि थुंकतो. अप्पा म्हणायचे, "थेरं आहेत सगळी, कढईसमोर उभं राहायला नको म्हणून." आई रोज जेवणानंतर त्याला समोर उभं करायची. गोळी द्यायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "आ कर. जीभ वर कर." मिशा फुटलेला माझा भाऊ स्वयंपाकघरात आ करून उभा राहायचा. "घेतो गं आई मी, देवाशपथ घेतो." मी मधे पडले की आई म्हणायची, तू गप्प बस, तुला काय कळतंय. एक दिवस अप्पांनी त्याला पाहुण्यांसमोर थुंक्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर त्यानं गोळीला हात लावला नाही.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, रक्त, जादा प्रती, वाटेतच मोडणारी गोळी. ती निवडतच राहिली. मला वाटलं, हिला समजलं नाही. मग तिचा हात ताटातच थांबला.

"मी म्हणायच्या आधीच जीभ वर करायचा गं तो," आई म्हणाली.

एवढंच. आणि मग ती अशी रडली, की अप्पा गेले तेव्हाही नव्हती रडली.

माझे छोटे डोस सुरू झाले. पाणी ओसरायला लागलं. रस्त्यावरचे हॉर्न पुन्हा कर्कश झाले, अप्पांचा फोटो पुन्हा कोरडा झाला, खव्याचा वास परत आला. सगळे म्हणाले, बरी झालीस. झालेच होते. तरी दुपार झाली की मी कढईसमोर वाट बघायचे. एकदाच तो लांबवर दिसला, पाठमोरा. मी हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. स्वप्नातला दादा आपण होऊन यायचा. खरा दादा तसा येणार नव्हता, त्याला आणायलाच जायला हवं होतं.

आईनं पेढे स्वतः केले. मला कढईजवळ येऊ दिलं नाही. आई आणि मी बामणोलीला पोचलो तेव्हा लाँच मधोमध उभी होती. सखूमावशीच्या दिरानं आम्हाला आपल्या होडीतून नेलं. वारा नव्हता. पाणी अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखं हिरवं होतं, फक्त खाली काही दिसत नव्हतं.

दादानं आम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं. दाढी पांढरी झाली होती. गालाची हाडं वर आली होती.

"हिला कशाला आणलंस?" तो मला म्हणाला.

"मी नाही आणली. तीच आली."

आई होडीतून लाँचमध्ये चढताना धडपडली. त्यानं हात धरला आणि लगेच सोडला. मी त्याच्यासमोर बसले आणि बोलायला लागले. तळहात दाखवला, माझ्यातल्या त्याच्या रक्ताचं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, तू गोळ्या घेत होतास. तुला लागू पडत नव्हत्या, एवढंच होतं ते."

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "ते मी सांगत होतो तेव्हा खरं नव्हतं. आता यंत्र म्हणालं, तेव्हा खरं झालं."

 मी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "यंत्र नसतं बोललं तरी तू खरंच बोलत होतास. मी तुझी आई, मलाच कळायला हवं होतं. चुकलं माझं, दिगू." ती त्याच्या पायाशी लाँचच्या फळीवर बसली होती. "तुझ्या अप्पांचंही चुकलं. ते आता बोलू शकत नाहीत, म्हणून त्यांच्याही वाटचं मीच बोलते."

 दादा अगदी हळू म्हणाला, "मला शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं, मीच झोपेत थुंकत असेन."

 एवढा मोठा माणूस, आणि आम्ही त्याला स्वतःवरच संशय घ्यायला लावला.

मी नाक पुसलं आणि म्हटलं, "तुझ्या मापाची गोळी मी खाऊन बघितलीय. कशी आहे ते विचार ना मला."

"कशी आहे?"

"मला पाण्याखाली नेलं तिनं. मी आळशी आहे ना. तुला कदाचित वर काढेल. डॉक्टर म्हणाल्या, आधी तुझी परवानगी हवी, तुझ्याशी बोलणं हवं. जबरदस्ती नाही कुणाची. पण चल. मला रोज दुपारी तुझी वाट बघायचा कंटाळा आलाय."

  तो उठला आणि सुकाणूपाशी गेला. मला वाटलं, संपलं. मग मी मागं बघितलं. लाँचच्या मागचं पाणी हलत होतं.

डॉक्टर शिकलगारांनी त्याच्याशी एकट्याशी बोलायला सबंध सकाळ घेतली. त्याचं रक्त, त्याची सही, सगळं रीतसर केलं. त्यांनी बजावलं, "लगेच काही होणार नाही. काही आठवडे जातील. नाही जमलं तर अजून वाटा आहेत, मी सोडणार नाही तुम्हाला." दादा म्हणाला, "बघू."

त्या संध्याकाळी तो आमच्याकडेच जेवला. जेवण झाल्यावर प्रवीणनं गोळी आणून दिली, आईनं पाणी दिलं. दादानं गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला. आणि मग, इतकी वर्षं झाली होती तरी, त्याचं त्यालाही कळलं नाही, तो आईकडे वळला, आ केला आणि जीभ वर केली.

प्रवीणनं मान खाली घातली. 

आईनं आत बघितलंच नाही. डोळे मिटले, डब्यातला पेढा चाचपडत उचलला आणि त्या उघड्या तोंडात घातला.

दादा जरा वेळ तसाच उभा राहिला. मग चावायला लागला.

"करपलाय गं आई," तो म्हणाला.

"मग थुंक," आई म्हणाली.

दादानं मान हलवली आणि पेढा गिळून टाकला.